आधी हलेना, मग थांबेना

१

खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या वळणाखाली सयाजीची पिकअप उलटी पडली होती आणि तिच्यातला गूळ मुंग्यांनी शोधून काढला होता. सयाजीला आदल्या दिवशीच वर काढून नेलं होतं. मी पोचलो तेव्हा उरली होती ती गाडी, दहा-बारा बघे आणि दर बघ्यामागं एक मत.

माझं काम मेलेल्या गाड्या बघण्याचं. फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं हात काळे केले, नायब सुभेदार होऊन बाहेर पडलो आणि आता सांगलीत राहून विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासतो. नाव लालासाहेब, पण लोक सुभेदारच म्हणतात. बघ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे.

"ब्रेकच न्हवता," एक जण म्हणाला. "पेला असंल," दुसरा म्हणाला. त्या दुसऱ्याकडं मी असं बघितलं की तो चार पावलं मागं सरला.

फौजदारांना घाई होती. "केरबा मिस्त्रीला आत घेतलाय," ते म्हणाले. "गाडीचं सगळं तेलपाणी त्यानंच बदललं, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. आणि गावादेखत सयाजीला म्हणाला होता, असली तेलं घालशील तर घाटात मरशील म्हणून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सयाजी घाटात मेला. परवा त्याला कोर्टात उभा करतोय. तुमचा दाखला जोडायचाय, तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"मिस्त्रीनं ब्रेक बिघडवला म्हणून."

"मी अजून गाडीला हात लावला नाही, साहेब."

ती फौजेच्या लिलावातली जुनी पिकअप होती. असल्या गाडीत ब्रेकच्या तेलाची डबी बॉनेटखाली नसते, ड्रायव्हरच्या पायाखाली असते. पायाखालचा पत्रा उचलायचा, तेव्हा ती दिसते. मी उताणा होऊन आत सरकलो. पत्रा वाकला होता, पण डबी शाबूत होती. तिच्या झाकणाला पितळी तार गुंडाळली होती. तीन पिळे, घट्ट, एकसारखे, आणि टोक आत दुमडलेलं.

तार कापून खिशात टाकली, खाली बाटली धरली आणि झाकण फिरवलं. आत थोडं तेल शिल्लक होतं. ब्रेकचं तेल मधासारखं पिवळं असतं. हे तांबडं होतं. बाटलीचा वास घेतला. वास ओळखीचा वाटला, पण कुठला ते काही केल्या आठवेना.

डबीखालचं नळकांडं सोडवून पिशवीत टाकलं, मग चाकं खोलली. चारही चाकांतली ब्रेकची लायनिंगं जळून कोळसा झाली होती. मला हे विचित्र वाटलं. ब्रेक नसलेल्या गाडीचे ब्रेक जळतात कसे?

२

घाटमाथ्यावर साळूबाईचं चहाचं हॉटेल आहे. तिथून पुढं खंडाळ्याकडं उतार लागतो. पन्नाशीची, आडव्या हाडाची बाई. तिनं सयाजीला मरायच्या तासभर आधी चहा पाजला होता.

"लय येळ बसला व्हता बगा. बॉनेट उगडून बगत व्हता. मला म्हनला, मावशी, गाडी वडतच न्हाई. इंजनात कायतरी झालंय. घाट चडताना मागनं कुनीतरी धरून ठेवल्यावानी वाटत व्हतं."

"प्यायला होता?"

"आवं, काय बोलता! च्या पेला. दोन कप."

"मग निघाला कसा?"

"त्येच तर सांगती. हितं उतार हाय, बगा की. गिअर काडला, हातब्रेक सोडला, तरी गाडी जागची हलंना. माझ्या मालकानं न् त्यानं ढकलली. तरी न्हाई. मग म्हनला, थंड होऊ दे जरा. अर्ध्या तासानं आपसूक हलली. मग गेला." तिनं पदर तोंडाला लावला. "जाताना हात केला मला."

मी उठून त्या जागेवर उभा राहिलो. उतार चांगलाच होता. रिकामी बादली सोडली असती तरी गडगडत गेली असती. आणि इथं टनभर गूळ भरलेली गाडी, ब्रेकवर पाय नसताना, दोन माणसांच्या रेट्यानं हलली नव्हती. तीच गाडी पुढं मैलभरावर थांबवता थांबली नाही.

मिस्त्रीनं ब्रेक सोडवून ठेवला असता तर ती माथ्यावर हलायला काय हरकत होती? फौजदारांचं आख्खं प्रकरण त्या उतारावर अडून बसलं होतं.

३

केरबा मिस्त्री कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. वाळलेला माणूस. नखांतलं काळं तेल तिथंही गेलं नव्हतं.

"असली तेलं घालशील तर मरशील, असं म्हणालास?"

"म्हनलो, सुभेदारसाब. खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "सांगलीस्नं तीस नंबरचं इंजन ऑइल घिऊन आला, न् म्हनला फिल्टर जुनाच धुऊन घाल. गाडी किती जुनी! पिस्टन झिजल्यालं. तीस नंबर असल्या इंजनात तापलं की पानी हुतंय. म्या म्हनलो, चाळीस नंबर आन, नवा फिल्टर आन, गिअरचं तेल बी बदलू, न्हाईतर माज्या दारात गाडी उबी करू नगं. तो बी तापला, म्या बी तापलो. त्या रागात बोलून गेलो."

"मग?"

"मग काय, गपचीप सांगलीला गेला न् समदं बदलून घिऊन आला." केरबा नखांतलं तेल खरवडायला लागला. "ऐकलं हो त्यानं माजं. ते कुनी सांगत न्हाई."

"ब्रेकचं तेल कुठलं घातलंस?"

"जिनपालशेटचं. शिलबंद डबा, माज्या हातानं फोडला. जुनं समदं काडलं, नवं घातलं, चारी चाकांची हवा काडली. डबी अर्धं बोट उनी ठेवली. तेवडी ठेवायलाच पायजे, तापलं की तेल फुगतंय."

मी खिशातली तार त्याच्यापुढं धरली. त्यानं ती उलटसुलट बघितली.

"ही कशाची?"

"डबीच्या झाकणाची."

"छ्या! झाकन आट्यानं बसतंय. तार कशाला बांदू मी?" तो हळूच उठून गजांजवळ आला. "सुभेदारसाब, माज्यामागनं कुनीतरी ते झाकन उगडलंय."

४

सयाजीचं आणि केरबाचं गाव एकच, विट्याच्या अलीकडं. केरबाचं गॅरेज आधी लागतं. लागत होतं, म्हणायला हवं. गावानं फळ्या फोडल्या होत्या, हत्यारं विहिरीत टाकली होती. त्याची बायको बनुबाई ढिगाऱ्यात उकिडवी बसून नटबोल्ट वेचत होती. मी ब्रेकच्या तेलाचं विचारलं तशी ती घरात गेली आणि पिठाच्या डब्यातून एक अर्धा भरलेला डबा काढून आणला.

"लोकं आली तवा येवडंच पदराखाली घेतलं," ती म्हणाली. "मालक सारकं म्हनायचं, ब्रेकचं तेल उगडं ठिवायचं न्हाई."

घरादारावर दगड पडत असताना त्या बाईनं नवऱ्याची शिस्त सांभाळली होती. मी डबा घेतला आणि निघालो.

सयाजीचं घर ओढ्याकाठी. लोखंडी फाटक ढकललं तर ते कुरकुर न करता उघडलं. सयाजीचा बाप नाथाजी ओसरीवर ताठ बसला होता. तोफखान्यातला निवृत्त हवालदार, पासष्टची लढाई बघितलेला. एकुलता एक पोरगा गेला होता आणि म्हाताऱ्यानं दाढी केली होती. त्याच्याशेजारी ठेवलेल्या कंदिलाची कडी तुटली होती, ती त्यानं तारेनं नीट बांधली होती. मी फौजी म्हटल्यावर उठून उभा राहिला.

"सुभेदारसाहेब, तुमी आपल्यातलं. दुसरं काय मागत न्हाई. माज्या पोराच्या गाडीत कुनी हात घातला, त्येचं नाव पायजे. कागदावर नाव लिवून द्या. केरब्याचं लिवा. बाकी म्या बगतो."

"केरबाचंच कशावरून?"

"त्यो बोललाच हुता की! आनि कामचुकार. म्या बगितलंय त्येचं काम."

सयाजीची बायको शालूबाई दाराआड उभी होती. तिनं एकच विचारलं, "त्येनी पेले व्हते का?" मी म्हणालो, नाही. ती आत गेली आणि मग तिचं रडणं ऐकू आलं.

तिचा भाऊ गुंडा गोठ्यात बसला होता. चाळिशीचा हमाल. अपघाताच्या दिवशी तो सयाजीबरोबर निघाला आणि साताऱ्यात उतरला. गावात त्यावरूनही कुजबूज होती. मी समोर जाऊन बसलो.

"सासुरवाडीला जायाचं व्हतं म्हून उतरलो," तो म्हणाला. "पर सुभेदारसाब, साताऱ्यात चाकाला हात लागला तर चटका बसला. पानी मारलं तर तव्यावर मारल्यावानी वाजलं. म्या सयाजीला म्हनलो, थांबू. तो म्हनला, माल वेळंत पोचवायचाय. न् म्या उतरलो." तो कपाळ बडवून घ्यायला लागला. मी हात धरला.

"केरबानंतर गाडीला कुणी हात लावला?"

"कुनीच न्हाई. दुसऱ्या दिशी खंडेनवमी. मामांनी गाडीची पूजा केली, मग दसऱ्याला ताडपत्री टाकून उबी."

"मामा म्हणजे नाथाजी. पूजेला कोण कोण होतं?"

"एकटंच करत्यात. पैल्यापास्नं. फौजेत तोफंची करायचे तशी. आमास्नी समद्यास्नी भाईर काडत्यात."

५

जिनपालचं सांगलीतलं दुकान तेलांचं आणि सुट्या भागांचं. दारात इंजिन ऑइलची पिंपं, आत भिंतभर फिल्टर, पट्टे, वायसर. गावात आता हवा होती की जैनाच्या तेलातच भेसळ. ती त्याच्या कानावर आली होती आणि तो उखडला होता.

"सुटं विकतो मी इंजिनाचं तेल, ब्रेकचं नाही," तो म्हणाला. "ब्रेकच्या तेलावर माणसाचा जीव असतोय. घरी गुणमाला आहे, चार पोरं आहेत, रोज बस्तीला जातो देवदर्शनाला. कुणाचा जीव घेऊन मी त्या देवापुढं कसा उभा राहू?"

"तावातावानं काही सिद्ध होत नाही, शेट. ब्रेकचे नवे रबरी वायसर काढा. आणि गरम पाणी."

ब्रेकचं गणित साधं आहे. पायानं दाबलं की डबीखालच्या नळकांड्यात एक रबरी वायसर पुढं सरकतो आणि तेलाला ढकलतो, तेल चाकातले ब्रेक दाबतं. पाय काढला की वायसर मागं येतो आणि चाक मोकळं होतं. सगळा खेळ त्या रबराच्या मापाचा.

एक वायसर बनुबाईच्या डब्यातल्या पिवळ्या तेलात टाकला. दुसरा गाडीतून काढलेल्या तांबड्या तेलात. दोन्ही बाटल्या गरम पाण्यात ठेवल्या, पाणी बदलत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाहेर काढले.

पिवळ्या तेलातला होता तसाच होता. तांबड्यातला भिजल्या हरभऱ्यासारखा टरारला होता. जिनपालनं तो गाडीतून सोडवून आणलेल्या नळकांड्यात बसवायला बघितला. बसेना. जोर करून कोंबला तेव्हा पुढं गेला आणि तिथंच अडकून राहिला.

"मागं येत नाही," जिनपाल म्हणाला.

"येत नाही. म्हणून पाय काढला तरी ब्रेक लागलेलेच राहिले. सयाजीला वाटलं इंजिन ओढत नाही. चाकं तापत गेली. माथ्यावर गाडी थंड झाली तेव्हा ब्रेक जरा सुटले आणि ती हलली. उतारावर त्यानं पुन्हा पाय दिला, पुन्हा तापलं, आणि फुगलेल्या रबराची कड फाटली. पायाखाली काही राहिलं नाही."

जिनपालनं डोळे मिटून हात जोडले. माझ्यापुरता केरबाही सुटला होता आणि जिनपालही. पण हे तेल घातलं कुणी? मी तार टेबलावर ठेवली. तीन पिळे, टोक आत दुमडलेलं. हाताला टोचू नये म्हणून. असं दुमडलेलं टोक मी काल कुठं बघितलं ते मला तेव्हा आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

६

दुपारी परत गावात गेलो. फाटक आवाज न करता उघडलं. या खेपेला मी थांबलो आणि बिजागरीवरून बोट फिरवलं. बोटाला तांबडं तेल लागलं. नाकाशी नेलं आणि वास ओळखला. तोफा दुरुस्तीला येत तेव्हा आमच्या शेडभर हाच वास असे. तोफ गोळा टाकताना जो धक्का मागं मारते, तो गिळणाऱ्या नळीतलं तेल. तोफखान्यातले त्याला बफरचं तेल म्हणतात.

ओसरीवर कंदील होता. कडीवर तीन पिळे, टोक आत.

तिथून मागं फिरता आलं असतं. 'कारण निश्चित सांगता येत नाही' असं लिहिलं की माझी सुटका होती. पण दुसऱ्या दिवशी केरबा कोर्टात उभा राहणार होता, आणि असल्या दाखल्यानं त्याची बेडी निघाली नसती.

"नाव सापडलं?" नाथाजीनं विचारलं.

"हवालदार, फाटकाला तेल कुठलं घालता?"

त्याही अवस्थेत म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. आतून कापडात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा घेऊन आला. "बफरचं. रिटायर झालो तवा उस्तादांनी दिलं, म्हनले, नाथाजी, तोफेची आठवण. जपून वापरतो. खंडेनवमीला देवाम्होरं ठेवतो, न् थोडं थोडं हत्याराला."

"सयाजीच्या गाडीला घातलंत?"

"घातलं की. त्येची गाडी म्हंजी त्येची तोफच. पत्रा उचलून बगितलं, तर केरब्यानं डबी अर्धं बोट उनी ठेवल्याली. म्हून म्हनतो कामचुकार! आमच्यात बफर काठोकाठ भरल्याबिगर तोफेला हात लावू देत न्हाईत. म्या चमच्यानं वरचं जरा काडलं, न् हे काठोकाठ भरलं. वर तार बांदली, झाकन हलू नये म्हून. ह्या तेलानं तोफेचा धक्का गिळलाय साहेब, पिकअपचं काय घिऊन बसलाय?"

त्याला अजून काही कळलं नव्हतं. मला त्याची दया आली. मी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या, एक पिवळी, एक तांबडी. दोन वायसर काढले. गाडीचं नळकांडं मी सोडवून आणलं होतं, तेही त्याच्यापुढं ठेवलं.

"हा केरबाच्या तेलातला. बसवा."

त्यानं बसवला. अंगठ्यानं दाबला, सोडला. वायसर पुढं गेला, मागं आला.

"हा सयाजीच्या डबीतल्या तेलातला. बसवा."

म्हाताऱ्याचे हात सराईत होते. त्यानं कडेनं लावून बघितला, फिरवून बघितला, शेवटी जोर केला. वायसर आत गेला आणि अडकला. त्यानं बोट घालून ओढला. येईना. त्यानं तांबडी बाटली उचलून उजेडात धरली, मग आपल्या डब्याचं झाकण काढून आत बघितलं. दोनदा बघितलं.

"तोफेत चामड्याचं असतंय," तो अगदी हळू म्हणाला. "रबर नसतंय."

"हो."

"तिला हे तेल चालतंय. रबराला न्हाई."

"नाही."

शालूबाई दारात आली होती. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नाही. नाथाजी तिच्याकडं न बघता म्हणाला, "शालू, माजा कोट आन." मग माझ्याकडं वळला. "केरब्याची हत्यारं हिरीत हायत. गुंड्याला सांगतो काडायला. आज."

"हवालदार, हे मुद्दाम केलेलं नाही. कुणीही असं म्हणणार नाही."

"म्या नाव मागितलं व्हतं तुमच्याकडं. कागद काडा."

मी कागद काढला. त्यानं कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि ओसरीच्या मधोमध टाचा जुळवून उभा राहिला. नजर समोर फाटकावर.

"लिवा. हवालदार नाथाजी, तोफखाना," तो म्हणाला, आणि पुढं आपला फौजेतला नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा, साहेबापुढं सांगतात तसा.

मी लिहिलं. माझ्या अक्षरात ते नाव आजही त्या दाखल्यावर आहे. निघालो तेव्हा तो तसाच उभा होता, आणि शालूबाई त्याच्या मागं जमिनीवर बसली होती. मी फाटक ओढून घेतलं. ते आवाज न करता लागलं.